पपईच्या रसाची केस

५ ऑगस्ट, सोमवार

दानित्सा आज विद्यापीठातल्या नोकरी-मेळाव्यातून दोन वह्या घेऊन आली. निळ्या, जाड पुठ्ठ्याच्या, वर राजधानीतल्या, लीमाच्या कुठल्याशा कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत. एक तिने ठेवली, एक मला दिली. म्हणाली, "आई, रोज संध्याकाळी तू माझी मुलाखत घ्यायची. आणि मी कुठे चुकले ते यात लिहायचं."

मी म्हटलं, "बाळा, मी मंडईत रस काढते. मला मुलाखतीतलं काय कळतंय?"

"त्यांनाही गिऱ्हाइकाच्या धंद्यातलं काही कळत नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर प्रश्न विचारत बसतात."

धंद्याचं नाव मॅनेजमेंट कन्सल्टिंग. एखाद्या मोठ्या कंपनीचं काही बिनसलं की ती या लोकांना बोलावते. हे चांगले कपडे घालून येतात, प्रश्न विचारतात आणि मालकाला त्याच्याच धंद्यात काय करायचं ते सांगून निघून जातात. आमच्या मंडईत हे काम शेजारच्या गाळ्यावरची, घरीही आमच्या भिंतीपलीकडेच राहणारी ग्रिमाल्दा गेली कित्येक वर्षं फुकट करते आहे. दानित्साच्या बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता होती, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. कोमाद्रेला तोंडावर काहीही बोलायची मुभा असते आणि ग्रिमाल्दा ती पुरेपूर वापरते.

पहिला सराव आजच झाला. तिने मेळाव्यातून आणलेल्या कागदावरून मी वाचून दाखवलं: एका बिअरच्या कारखान्याचा नफा घटतोय, का घटतोय ते शोधा. अशा कोड्याला केस म्हणतात. दानित्साने विचार करायला एक मिनिट मागितलं, कागदावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा काढल्या आणि मला प्रश्न विचारायला लागली. उत्तरं कागदाच्या मागे छापलेली होती, पण ती वाचायला मला चष्मा लागतो, म्हणून मी मनाची दिली. केस वेगळीच झाली. शेवटी असं ठरलं की कारखान्याच्या मॅनेजरचं बाहेर कुठेतरी लफडं आहे.

चूक: पेनाचं टोपण चावते. बाकी मुलगी हुशार आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

माझ्या अंगात आलंय. पपई कापतानाही केसच सुचतात.

या लोकांची एक रीत आहे. काहीही विचारा, ते तीन मुद्द्यांत सांगतात. मला ती फार आवडली. आज एका बाईने विचारलं, "कासेरिता, पपई गोड आहे का?" मंडईत गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना हीच हाक मारतात. मी म्हटलं, "तीन मुद्दे आहेत. एक, पिकलेली आहे. दोन, आजच आलेली आहे. तीन..." तिसरा सुचेना. बाई रस पिऊन निघून गेली तरी सुचेना. मला दोन मुद्दे झटकन सुचतात, तिसऱ्याला घोडं अडतं. दानित्सा म्हणते, सरावाने जमेल.

पलीकडून ग्रिमाल्दा ओरडली, "कोमाद्रे, तुला नेवादा लागलीय!" आमच्या आरेकिपात माणसाचं डोकं फिरलं की आम्ही बर्फाच्या डोंगरांना दोष देतो. तिकडून कोरडं वारं सुटतं आणि बरी माणसं बिघडतात, त्याला नेवादा म्हणायचं. ग्रिमाल्दाच्या मते तिच्या नवऱ्याला लग्नाच्या दिवशी जी लागली ती अजून उतरलेली नाही.

संध्याकाळची केस: आरेकिपा शहरात मिक्सर किती? दानित्साने घरं धरली, खाणावळी धरल्या, रसाची दुकानं धरली आणि भराभर गुणाकार करत गेली. मी विचारलं, "बिघडलेले धरलेस का?"

"नाही."

"दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेले?"

"नाही."

"आणि लग्नात आलेले, खोक्यातून न काढलेले? तुझ्या मावशीकडे पलंगाखाली तीन आहेत. पलंग त्यांच्यावरच उभा आहे."

ती हसून हसून खाटेवर आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आई, प्रश्न खरंच चांगला आहे हं." मी उगीच पातेलं घासायला घेतलं, पण आतून फुगले होते ते खरं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काल शहराचा वाढदिवस होता, त्याच्या आदल्या रात्री मिरवणूक. आज मंडई भरून वाहत होती.

आजचा धडा वर्गवारीचा. कुठल्याही गोष्टीचे गट पाडायचे ते असे, की एक गट दुसऱ्यात शिरायला नको आणि कुणी बाहेर उरायलाही नको. मी सकाळपासून गिऱ्हाइकांचे गट पाडत होते. घाईतले, दुखणाईत, आणि रात्रीची उतरवायला आलेले. अगदी चोख बसत होतं. मग एक बाबा आला. हात गळ्यात बांधलेला, अंगावर परवाचे मिरवणुकीतले कपडे, तोंडाला बिअरचा वास, आणि बस सुटतेय म्हणून ओरडतोय की लवकर द्या.

दानित्सा संत्री सोलत होती. म्हणाली, "आई, वर्गवारी फसली."

"त्याला माझ्याकडे पाठव," ग्रिमाल्दा म्हणाली. "माझ्याकडे वर्ग नाहीत, नुसती संत्री आहेत."

वहीवरच्या त्या कंपनीने दानित्साला लीमाला बोलावलंय. पुढच्या आठवड्यात. पहिल्या फेरीत पास झाली! मी गाळ्यावर नाचले. गुडघा दुखला, तरी नाचले.

२६ ऑगस्ट, सोमवार

दानित्सा लीमाहून आली आज सकाळी, बसने. वाटेतून माझ्यासाठी चॉकलेटची मिठाई आणली. दारात मी मोठा चमचा पेनासारखा धरून, नवी केस तयार ठेवून बसलेच होते. तिने पिशवी खाली टाकली आणि मला मिठी मारली. सोडेचना. डोळे लाल होते.

"कशी झाली?"

"बरी झाली." मग पिशवी उचलत, "अजून एक फेरी आहे, आई. तारीख कळवतील."

म्हणजे बिघडली असणार. चांगली झाली असती तर मुलीने आल्या आल्या सांगितलं असतं. मी काही विचारलं नाही. मी म्हटलं, "मग आपण सराव वाढवू." त्यावर मात्र ती इतकी खुलली की मलाच नवल वाटलं. प्रवासाचा शीण असूनही ती केसला बसली. विषय होता विमानतळावरची कुत्र्यांसाठीची खाणावळ. ती सोडवायला आम्हाला जेवणाची वेळ टळेपर्यंत लागलं आणि शेवटी ती बंद करायचा सल्ला दिला, कारण कुत्री पैसे देत नाहीत.

१ सप्टेंबर, रविवार

रविवार म्हणून सकाळीच कोपऱ्यावरून आदोबो आणला. मांसाच्या त्या तिखट रश्श्यात तीन टोकांचा पाव बुडवताना मी म्हटलं, "बघ, आपल्या गावाला तीन मुद्द्यांचं आधीपासूनच कळत होतं."

पण पोरीला काहीतरी झालंय. हात रिकामे राहू देत नाही. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला, गॅसची नळी बदलली, शिडीवर चढून छपराचं भोक बुजवलं. काल मला धरून गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं. आज सगळ्यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले, चष्म्याशिवाय दिसतील असे. मुलाखतीच्या काळजीने माणूस असं करतं. मला दानित्सा होणार होती तेव्हा मी सगळ्या भिंती रंगवल्या होत्या.

दुपारी तिला एक फोन आला. गच्चीवर जाऊन बोलली. मी कपडे वाळत घालत होते, म्हणून शेवटचं तेवढं ऐकू आलं. "थोडे दिवस अजून द्या." शिकवणीवाल्यांचा असेल. ती शाळेतल्या मुलांना गणित शिकवते, पालक सारखे मागे लागतात.

आता एक गोष्ट फक्त वहीला सांगते. मला वाटतं की हे काम मलाही जमेल. प्रश्न विचारायची मला भीती वाटत नाही, लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची आवड आहे, आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत मी आता बऱ्याचदा पोचते. वय चोपन्न आहे, पण त्यांनी कुठे लिहिलंय की नाही चालत? दानित्साचा बाप उत्तरेतल्या खाणीवर गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून मी एकटीने दुकान चालवलंय. हसू नकोस, वही.

४ सप्टेंबर, बुधवार

आज आम्ही जागा बदलल्या. दानित्सा विचारणार, मी सोडवणार.

तिने केस घातली: "रसाचं एक दुकान आहे. गिऱ्हाईक भरपूर, तरी मालकिणीच्या हातात काही उरत नाही. का?"

मी विचार करायला एक मिनिट मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गप्प बसून एक मिनिट दिलं. मग मी झाड काढलं. येणं इकडे, जाणं तिकडे. फळं, साखर, दूध, गाळ्याचं भाडं. आणि एका फांदीवर मला ते दिसलं. यापा!

आम्ही रस काढतो तेव्हा मिक्सरच्या भांड्यात पेल्यापेक्षा जास्त निघतो. पेला भरून द्यायचा, भांडं बाजूला ठेवायचं. गिऱ्हाइकाने पेला संपवला की तो पुढे करतो आणि आपण उरलेला रस त्यात ओततो, फुकट. तो यापा. माझी आई ओतायची, तिची आई ओतायची. कधी कुणी विचारलं नाही की का.

"यापा बंद!" मी टेबलावर हात आपटून म्हटलं.

"आई, ही सरावाची केस आहे."

"आणि दुकान सरावाचं आहे का?"

"तू खरंच बंद करणार नाहीस ना?" तिने विचारलं. मी काही बोलले नाही. मोठे सल्लागार लगेच बोलत नाहीत.

५ सप्टेंबर, गुरुवार

केला बंद.

पहिले आले आबेलिनो मास्तर. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या त्याच कडेच्या स्टुलावर बसतात. दानित्साला बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकवली. पपईचा रस प्यायले, मिशी पुसली आणि सवयीने पेला पुढे केला.

मी म्हटलं, "मास्तर, यापा बंद केलाय. तीन मुद्दे आहेत." आणि तिन्ही सांगितले. आज तिसराही सुचला होता! फळ महागलं, भांडं लवकर रिकामं झालं की पुढच्याला लवकर मिळतं, आणि फार रस पोटाला बरा नाही.

मास्तरांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. "मांडणी उत्तम आहे, नेलिदा," ते म्हणाले. पण पेला तसाच पुढे. मी पेल्याभोवतीचा ओटा पुसला. मग पुन्हा पुसला. शेवटी त्यांनी पेला हळूच खाली ठेवला, टोपी घातली आणि गेले. त्यांना पटलं असावं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पटलं नव्हतं. मास्तर आज ग्रिमाल्दाकडे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. दुपारपर्यंत माझी सगळी स्टुलं रिकामी, आणि ग्रिमाल्दाकडे माणसं उभी राहून पितायत.

"या कासेरिता, या! इकडे यापाला पण यापा!" ती ओरडत होती. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "कोमाद्रे, तुझ्या सल्लागार बाईंना माझा नमस्कार सांग. मी त्यांची फार आभारी आहे!"

मग गर्दी ओसरल्यावर तिनेच माझ्यासाठी संत्र्याचा रस पाठवला. प्यायले. तिने भांडं घेऊन येऊन वरून यापाही ओतला, तोंडातून शब्द न काढता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा टप्पा. सगळं रात्रभर डोक्यात घोळवलं आणि सकाळी मोठे पेले विकत आणले. आता यापा पेल्यातच! सगळा रस एकदम, उलट आधीपेक्षा घोटभर जास्तच. कुणाचं काही जायला नको. मी स्वतःवर इतकी खूष होते की गाणं म्हणत होते.

पाव विकणारी बाई आली, स्पेशल मागितलं. पपई, केळं, बीट, अंडं, काळी बिअर. तो एवढा मोठा पेला तिने दम खात खात संपवला, पोटावर हात फिरवला आणि रिकामा पेला पुढे केला.

"अगं, यापा यातच होता! आत होता!"

"आत होता तर तो यापा कसला?" ती म्हणाली. तिला खरोखरच राग आला होता. जाताना म्हणाली, "लेकीला शिकवून काय मिळवलंस ते कळलं."

तिच्या मागे तिघंजण रांगेत होते. तेही गेले.

९ सप्टेंबर, सोमवार

छोटे पेले परत काढले. यापा सुरू. मास्तरांच्या पुढे जाऊन मी स्वतः म्हटलं, "मास्तर, सल्लागार बदलला." ते मान खाली घालून माझ्या स्टुलावर परत आले. त्यांनी पेला पुढे केला, मी काठोकाठ ओतला, आणि मला रडूच आलं. लोक समजले की कांद्याच्या गाळ्यावरून वारं आलं.

मोठे पेले ग्रिमाल्दाने फुलं ठेवायला मागून नेले.

संध्याकाळी दानित्साला सगळं सांगितलं. पावाच्या बाईची नक्कल केली तेव्हा ती जमिनीवर बसून हसली. मग उठली. दुरुस्त केलेल्या नळाकडे बघत म्हणाली, "संपल्यावर मिळतो तोच यापा, नाही का गं आई?"

मला वाटलं तिच्या केसने माझं नुकसान झालं याचं तिला वाईट वाटतंय. मी म्हटलं, "जाऊ दे गं. चल, नवी केस. लीमात छत्र्या कशा विकायच्या?" लीमात पाऊस पडत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती बसली. हल्ली ती एकाही संध्याकाळी नाही म्हणत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज जे घडलं ते नीट क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानात कागद लावला होता. लीमाची तीच कंपनी, चौकाजवळच्या हॉटेलात, संध्याकाळी विद्यार्थ्यांशी बोलणार. दानित्सा शिकवणीला जाणार होती. मी ठरवलं की आपण जायचं. एकतर पोरीच्या शेवटच्या फेरीची तारीख अजून कळेना, आणि दुसरं म्हणजे वयाची अट विचारायची होती. ग्रिमाल्दाने तिचं मखमली जाकीट दिलं. म्हणाली, "नोकरी लागली तर जाकीट परत कर. नाही लागली तरी कर."

पहिल्या रांगेत बसले. चौकोनी सँडविचं होती, बोटाएवढी. बोलणारी मुलगी लीमाहून आली होती, ऑर्नेला नावाची. दानित्सापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. छान बोलली. सगळं तीन-तीन मुद्द्यांत, आणि तिला तिसरा अडत नव्हता.

प्रश्न विचारा म्हणाली तशी मी उभी राहिले. "माझे तीन मुद्दे आहेत. एक, या कामाला वयाची अट आहे का? दोन, एखादा सल्ला दिला आणि गिऱ्हाईक शेजारी गेलं, तर तुम्ही परत येता की नाही? तीन, माझ्या मुलीची शेवटची फेरी एकदाची घ्या. आता घरात दुरुस्त करायला एकही नळ उरलेला नाही."

सगळी पोरं हसली, टाळ्या वाजवल्या. ऑर्नेलाही हसली. म्हणाली, "वयाची अट नाही, सेन्योरा. अर्ज कराच. मुलीचं नाव काय?"

मी सांगितलं. तिचं हसू थांबलं. कार्यक्रम संपल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काहीतरी घोटाळा होतोय. दानित्साची निवड ऑगस्टमध्येच झाली. तिला समोर बसवून आम्ही सांगितलं. तिच्या उत्तराची वाट आम्ही बघतोय. तिने दोनदा मुदत मागून घेतली. येत्या शुक्रवारनंतर मला थांबता यायचं नाही."

मी म्हटलं, "हो का." आणि आणखी एक सँडविच उचललं. का उचललं कुणास ठाऊक.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज तिने केस मागितली तेव्हा मी डोकं दुखतंय म्हटलं. तिने चहा करून दिला आणि पाय चेपले. मी झोपेचं सोंग घेतलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जेवण झालं. मी टेबल पुसलं, वही उघडली, चमचा हातात घेतला.

"केस ऐक. रसाचं एक दुकान. मालकीण एक, मुलगी एक. मुलीला लीमात चांगलं काम मिळालंय, तिला हवं होतं तेच. पण ती हो म्हणत नाही. का?"

दानित्सा पांढरीफटक पडली. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला एक मिनिट मिळेल?"

"घे."

तिने झाड काढलं नाही. टोपण मात्र चावत होती. "पहिला प्रश्न. मालकिणीच्या गुडघ्याचं काय?"

"गुडघा या केसमध्ये नाही."

"दुकानात तिला मदत कोण करेल?"

"ग्रिमाल्दाची भाची रिकामीच आहे. कालच विचारलं."

"मालकीण संध्याकाळी कुणाशी बोलेल?"

"भिंतीपलीकडे ग्रिमाल्दा आहे. तिला गप्प करायलाच एक कन्सल्टिंग कंपनी लागेल."

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"उमेदवाराने विषय सोडू नये."

मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच बोलली. "लीमाहून आले त्या दिवशी सांगणारच होते. तर तू दारात चमचा घेऊन बसलेलीस, नवी केस तयार ठेवून. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पण तसंच. लहानपणापासून बघतेय, तू घरी यायचीस, पाय गरम पाण्यात ठेवायचीस आणि बसल्या बसल्या झोपायचीस. तुला इतकं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं. मी हो म्हटलं की सराव संपला असता ना. म्हणून आणखी एक दिवस, आणखी एक दिवस करत राहिले."

माझ्या हातातला चमचा मला जड झाला. मी सगळं उलटं वाचलं होतं. लाल डोळे, नळ, फोन, सगळं. कसली मी सल्लागार!

"आता माझा सल्ला ऐक," मी म्हटलं. "तीन मुद्दे. एक, जा. दोन, उद्याच्या उद्या फोन करून हो म्हण."

तिने नाक पुसलं. "आणि तिसरा?"

"तिसरा सुचला की कळवते."

ती रडता रडता हसायला लागली, मग मीही. भिंतीवर थापा मारून ग्रिमाल्दा ओरडली, "कोमाद्रे, कोण मेलं की कुणाचं लग्न ठरलं, एकदा काय ते सांग!"

तिसरा मुद्दा मला तिथल्या तिथे सुचला होता. मला ती जायला नकोय. तो तिला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून इथे लिहिला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हो म्हणाली! मंडईतूनच फोन केला, माझ्या गाळ्यावर उभं राहून. ग्रिमाल्दाने सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, मास्तरांनी टोपी हवेत उडवली आणि ती पपईच्या सालांत पडली. आज सगळ्यांना यापा दोनदा. पावाच्या बाईने तीनदा पेला पुढे केला आणि मी तीनदा ओतला.

दानित्सा म्हणाली, "तुझाही अर्ज भरूया का, आई? अट नाही म्हणाली ना ती."

"आधी माझ्या नवऱ्याची केस घे," ग्रिमाल्दा मध्येच म्हणाली. "ती सुटली तर लीमाच काय, सगळं जग तुला बोलवेल."

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आदोबो खाल्ला. दानित्साने तीन टोकांचा पाव मोडून एक टोक मला दिलं, एक ग्रिमाल्दाला, एक स्वतः खाल्लं. बॅगेत निळी वही टाकलेली मी पाहिली. तिचीही निम्मी भरली होती. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

संध्याकाळची बस. मास्तर, ग्रिमाल्दा आणि तिची भाची, सगळे सोडायला आले. ग्रिमाल्दाने पोरीला कुशीत घेऊन लीमाच्या मुलांबद्दल, समुद्राच्या हवेबद्दल आणि तिथल्या पाणचट रसाबद्दल सगळे सल्ले दिले, एका दमात, मुद्दे न मोजता. मी पपईच्या रसाची बाटली दिली. पोरीला मिठी मारली, नीट, पूर्ण, आणि सोडलीही. रडले नाही. ठरवलं होतं.

ती चढली. कंडक्टरने सामानाचं दार आपटलं, याद्या तपासल्या, चला चला म्हणून हाका दिल्या. ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी हात हलवला, डोंगरावरून वारं आलं, आणि मनात म्हटलं, झालं. एवढंच होतं.

तर ती खाली उतरली! बसच्या पायरीवरून उडी मारून, धावत. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे, मास्तर पेला पुढे करतात तसे.

मला कळायला क्षणही लागला नाही. तिला उचलून घेतल्यासारखी धरली मी. आता रडले, जोरात रडले, आणि हसलेही, माझ्या अंगातलं ग्रिमाल्दाचं मखमली जाकीट भिजलं.

कंडक्टर दारातून ओरडला, "ओ सेन्योरा! संपली नव्हती का मिठी मघाशीच? लीमाला जायचंय की नाही पोरीला?"

मी तिच्या खांद्यावरून ओरडले, "संपली होती! हा यापा आहे!"

तोही आरेकिपाचाच निघाला. ड्रायव्हरला हाताने थांब म्हणाला, टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत पायरीवर उभा राहिला.